तांबडी खाली बसलीत

रविवार, ४ तारीख

सगळ्यात आधी आत आली ती विहीणबाईंची काठी, काठीमागून विहीणबाई, आणि त्यांच्यामागून त्यांचा मुलगा. म्हणजे आमच्या सूनबाईचा भाऊ. तो घरं रंगवतो, म्हणून आम्ही सगळे त्याला रंगारीच म्हणतो. आज त्याच्या कानाच्या पाळीला पिवळा रंग होता. मी म्हटलं, "कान विकायला काढलास का रे, नवा केलास तो?" तर म्हणतो, "मावशी, शाळेची भिंत होती. भिंतीपेक्षा मीच जास्त रंगलो."

विहीणबाईंनी दारातच खुंटीपुढे थांबून म्हटलं, "काय जावईबापू, किती बारीक झालात!" खुंटीला माझ्या लेकाचा रेनकोट टांगलेला होता. लेक तर पलीकडे खुर्ची पुसत होता. आधी कुणाला हसावं की नाही कळेना, मग विहीणबाईच सगळ्यांच्या आधी हसल्या. "माझं काय बाई, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. माझा डॉक्टर एकालाच इतके पैसे मागतोय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उजव्याचं ऑपरेशन आधी. दवाखाना आमच्याच गल्लीत, म्हणून सगळ्या भावंडांनी जमवलेले पैसे आमच्याकडे ठेवायचं ठरलं. रंगाऱ्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या लेकाच्या हातात दिला. "भाऊजी, तुम्हीच सांभाळा. माझ्या घरात पैसा टिकत नाही, भिंतीसुद्धा पितात." डबा कपाटात वरच्या फळीवर गेला. बावीस तारखेला, गुरुवारी, तपासणीला येतो म्हणाले.

नातीने, आमच्या भिंगरीने, मला ही डायरी दिलीय. सूनबाईच्या बेकरीत गिऱ्हाइकांना वाटायच्या होत्या त्यातली उरलेली. भिंगरी म्हणाली, "आजी, रोज लिहायचं असतं." मी म्हटलं, रोज काय घडतं ग माझ्या आयुष्यात? आज घडलं, लिहिलं. काना-मात्रा चुकला तर कोण बघतंय.

मंगळवार, ६ तारीख

आज लेक माझ्याजवळ येऊन बसला! त्याचे वडील गेल्यापासून तो माझ्याजवळ असा बसलाच नव्हता. येता-जाता "आई, गोळी घेतलीस का," एवढंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची पाळी दुपारची. सूनबाई पहाटेच बेकरीत जाते, भिंगरी शाळेत, आणि सकाळभर घरात आम्ही दोघंच. तो त्या कोपऱ्यात फोन घेऊन, मी या कोपऱ्यात खिडकी घेऊन.

आज मीच विचारलं, "काय बघतोस रे एवढं?" मला वाटलं आता वस्सकन अंगावर येईल. तर त्याने सरकून जागा केली.

फोनमध्ये एक फुगा असतो. खाली टोपली. आपण पैसे लावले की फुगा वर निघतो, आणि बाजूचा आकडा वाढत जातो. सव्वापट, दीडपट, दुप्पट. आपल्याला वाटेल तिथे 'उतर' दाबायचं, आकडा असेल तितके पट पैसे आपले. पण फुगा कधी फुटेल ते सांगता येत नाही. दाबायच्या आधी फुटला तर लावलेलं गेलं. मी म्हटलं, "अरे, दिवसभर लिफ्ट वरखाली, आणि घरी आल्यावरही वरखालीच?" खूप हसला. त्याचं हसणं अगदी त्याच्या बापासारखं आहे, विसरलेच होते मी.

वर एका ओळीत मागचे निकाल येतात. कुठवर गेला, कुठे फुटला. लेक म्हणाला, "सगळी गंमत त्या ओळीत आहे, आई. बाकीचे आंधळेपणाने लावतात. मी मागचं बघून लावतो. पण ओळ पुढे सरकते आणि मागचं नाहीसं होतं. आणि लिहायला बसलो तर बोट फुग्यावरून हलतं."

मी म्हटलं, "मग मी आहे की."

बुधवार, ७ तारीख

आज दोऱ्यात ओवायला सुरुवात केली. माझी जुनी बटणांची पिशवी काढली. फुगा दुपटीच्या आत फुटला की पांढरं बटण, दुप्पट ते दहापट निळं, आणि त्याच्याही वर गेला की तांबडं. मला आकडे वाचायला वेळ लागतो, पण बटण ओवायला लागत नाही. कपड्यांच्या कारखान्यात बटणांच्या टेबलावर आयुष्य गेलं माझं.

ओवता ओवता लेकाला तिथलं सांगितलं. फ्रॉकची बटणं मिसळलेली यायची. मुकादमीण प्रत्येक गठ्ठ्यामागे एक पिशवी भरून द्यायची, इतकी पांढरी, इतकी निळी, थोडीच तांबडी. आत हात घालून काढायचं. हाताला सारखी पांढरीच पांढरी यायला लागली की आम्ही बायका एकमेकींना सांगायचो, "थांब ग, तांबडी खाली बसलीत." आणि यायचीच तांबडी. कधी चुकलं नाही. कशी चुकेल? जी निघाली नाहीत ती पिशवीत उरलेलीच असणार ना!

लेक एकदम ताठ बसला. "आई, परत सांग." मी परत सांगितलं. त्याने माझं डोकं धरून कपाळाला ओठ लावले. "तू शाळेत गेली असतीस ना, तर बँकेची साहेबीण झाली असतीस."

मला मेलीला आनंदाने जेवण गेलं नाही.

शनिवार, १० तारीख

दोन दिवस लिहिणं झालं नाही, हात मोकळा नसतो. माळ आता माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत जाते. पांढरी खूपच जास्त, त्यामुळे तांबडं आलं की कसं उठून दिसतं! बटणं संपत आली म्हणून जुन्या शर्टांची कापली. लेकाच्या नव्यातल्या नव्या शर्टाचीही चुकून कापली गेली. तो रागावला नाही.

कारण जिंकलाय! आज भिंगरीला बूट आणले, टाचेत दिवा लागणारे. सूनबाईला पंखा, बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून ती भाजून निघते म्हणून. मला बसून आंघोळ करायला स्टूल. स्टुलाला रबराचे पाय आहेत, घसरत नाही.

सूनबाईने विचारलं, "एवढे पैसे कुठून?" लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन म्हणाले, "जादा पाळी केलीन् ग त्याने." माझ्या तोंडून इतकं गुळगुळीत निघालं की माझं मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, "मग ठीक." आणि पंख्यापुढे डोळे मिटून बसली. दमलेलं माणूस किती लवकर विश्वास ठेवतं.

तेव्हापासून काहीतरी टोचतंय. खाई त्याला खवखवे. पण खोटं म्हणजे काय, माळ ओवणं ही जादा पाळीच आहे एका परीने.

मंगळवार, १३ तारीख

पांढरं. पांढरं. पांढरं. मध्येच एक निळं, परत पांढरं. सकाळपासून माझा दोरा दुधात बुडवल्यासारखा.

लेकाचं तोंड उतरलेलं. म्हणाला, "आई, काय करू?" तो मला विचारतो! मला वाटलं होतं आता म्हातारीला कोण विचारणार. मी माळ हातात घेतली, शेवटची वीतभर बोटांनी चाचपली आणि म्हटलं, "बाळा, इतकी पांढरी निघाली. आता तांबडी खाली बसलीत."

तो उठला आणि कपाटाकडे गेला. वरच्या फळीवरचा डबा काढला. तो म्हणाला, "संध्याकाळच्या आत परत ठेवतो. तूच म्हणालीस ना, आलीच पाहिजे?"

मीच म्हणाले. हे मी इथे लिहून ठेवते, पुढेमागे मलाच वाटायला नको की मी म्हणाले नव्हते.

बुधवार, १४ तारीख

तांबडं आलं! पण कधी, तर लेक घाबरून आधीच उतरला तेव्हा. फुगा आपला वर वर वर. आम्ही दोघं तोंड वर करून बघत बसलो, सोडून गेलेली बस बघावी तशी. लेक म्हणाला, "बघितलंस? तुझं बरोबर होतं. माझंच काळीज उंदराचं." आता भीती सोडून लावायचं म्हणतोय.

माझं बरोबर होतं याचा मला आनंद झाला. आनंद झाला हेही लिहिलं पाहिजे.

शुक्रवार, १६ तारीख

आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. कागदाला सांगते.

काल संध्याकाळी मी जरा पडले होते. उठून बघते तर भिंगरी फरशीवर बसलेली, पुढे बटणांचा ढीग. माळेचा दोरा तुटला होता. "तुटला" म्हणाली, पण कात्री तिच्या मांडीखाली होती. आणि काय शहाणपणा केला होता पोरीने! सगळी परत ओवत आणलेली, आपल्या आवडीने. "आजी, तुझी वाकडीतिकडी होती, मी छान केली." दोन पांढरी, एक निळं, दोन पांढरी, एक निळं. कंटाळा आला तिथे मूठभर पांढरी सलग. तांबडी तिला आवडतात म्हणून जिथे मन झालं तिथे.

आठवडाभराची मेहनत, फुगा कुठे कुठे फुटला ते सगळं त्या ढिगात गेलं. मला का आठवणार आहे कोणतं कुठे होतं? तिला ओरडायला तोंड उघडलं, तर ती नव्या बुटांनी उड्या मारत होती आणि टाचांत दिवे लागत होते. मी माळ गुंडाळून खुर्चीवर ठेवली. ठरवलं, सकाळी लेकाला खरं सांगायचं.

सकाळी तो माळ घेऊन बसला. बराच वेळ बोटं फिरवत होता. मी चहात साखर टाकून टाकून शब्द जुळवत होते. तेवढ्यात ओरडला, "आई! सापडलं! हे बघ, दोन पांढरी, मग निळं. परत दोन पांढरी, मग निळं. हे मला आधी कसं दिसलं नाही?" त्याच्या डोळ्यांत इतकं तेज होतं. मी चहा पुढे केला.

आणि तो जिंकला. दोनदा पांढरं गेलं, तिसऱ्याला लावलं, निळं आलं. माझी पाठ थोपटली.

आता याला काय म्हणायचं? भिंगरीने ओवलेली माळ, आणि फुगा तिचं ऐकतो? की पोर नकळत बरोबरच ओवून गेली? लहान मुलांच्या हातात काही असतं म्हणतात. विचार करून डोकं दुखायला लागलं, चहा घेतला. लेकाचाच.

सोमवार, १९ तारीख

डबा रिकामा आहे.

लिहायला बसले खरी, पण कसं लिहू. काल सूनबाई घरी होती म्हणून खेळ नव्हता. आज ती गेल्याबरोबर लेक बसला. दोन पांढरी, लावलं, पांढरं. मग त्याच्या दुप्पट लावलं, पांढरं. त्याच्याही दुप्पट. मी ओवतच होते. मध्ये म्हटलं, "बास कर रे," पण हळू म्हटलं असेन. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, आता येईल, आता किती वेळ खाली बसतील.

डब्यातली शेवटची नोट तो फोनमध्ये टाकून आला. गल्लीच्या टोकाला दुकान आहे, तिथे रोख दिले की दुकानदार फोनमध्ये भरतो. येताना पळत आला, फुगा जणू वाट बघत थांबलाय. पांढरं.

मग माझ्यावर ओरडला. "तू एखादं चुकवलंस! गॅस बंद करायला उठली होतीस तेव्हा एक फुगा गेला, ओवला होतास का तो?" मी म्हटलं, ओवला होता. "मग माळेत बसत का नाही? माळ चूक आहे! कुठेतरी चूक आहे!"

मला सांगता आलं असतं. माळ भिंगरीची आहे रे, तुझ्या आईची नाही, फुग्याची तर नाहीच. पण मग तो भिंगरीवर हात उगारेल ही भीती, आणि त्याहून मोठी भीती ही, की तो परत माझ्याजवळ बसणार नाही. म्हणून मी म्हटलं, "चुकवलं असेल बाबा. म्हातारी झाले मी."

तो जमिनीवर बसला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लहानपणी ताप आला की असाच टेकायचा. त्याच्या केसांवरून हात फिरवताना मला बरं वाटलं. विहीणबाईंचे डोळे त्या डब्यात होते, आणि मला बरं वाटलं. मी कसली बाई आहे?

एकच उलगडत नाही. माळ जर चूक होती, तर शुक्रवारी तो जिंकला कसा?

मंगळवार, २० तारीख

कारखान्यात गेले. इतक्या वर्षांनी. जिने चढता चढता दम लागला, पण बटणांचं टेबल तिथेच, खिडकीखाली. मुकादमीण अजून तीच. केस पांढरे झाले, जीभ तशीच. "कोण ग ही? मेली नाहीस अजून?"

मी म्हटलं, "घरी न्यायला काम दे." "या वयात? लेक पोसत नाही का?" मी म्हटलं, पोसतो, पण वेळ जात नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं उसवलेल्या शिवणीकडे पाहते. मग मला राहवलं नाही. नावं-गावं न घेता सांगितलं, कुणीतरी एक आहे, कुणीतरी ओवतं, कुणीतरी लावतं.

ती ऐकत होती आणि हाताने पिशवी भरत होती. मग म्हणाली, "तांबडी खाली बसतात ते तुला कशावरून कळायचं?"

"पांढरी निघून गेली की उरणार काय?"

"म्हणजे मी मोजून भरायची म्हणून. आणि काढलेलं बटण तू फ्रॉकला लावायचीस, परत पिशवीत टाकायची नाहीस, म्हणून. बरं, तुझ्या त्या फुग्याची पिशवी कोण भरतं?"

मी म्हटलं, "ते काही दिसलं नाही."

"आणि निघालेलं पांढरं कुठे जातं?"

मी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"दर खेपेला पिशवी परत भरलेलीच असली, तर ग? आणि एक सांग, मागचे निकाल तो फुगेवाला फुकट का दाखवतो? मी कधी तुला माझी पिशवी उघडून दाखवली होती का?"

शर्टांचा गठ्ठा दिला. सगळ्याच शर्टांना पांढरी बटणं. परतताना प्रत्येक पायरीवर थांबले. दम लागला म्हणून थांबले असं लिहिते.

बुधवार, २१ तारीख

लेकाला मुकादमिणीचं सांगितलं. तो म्हणाला, "तिला काय कळतं फोनमधलं." मग भिंगरीचंही सांगितलं. दोरा तुटला, पोरीने मनाने ओवली, तू त्यातच क्रम शोधलास, आणि जिंकलासही. तो भिंगरीवर चिडला नाही. माळ बोटांनी उलगडत म्हणाला, "म्हणजे मी काय वाचत होतो, आई?"

मी शर्टाला बटण लावत राहिले.

उद्या विहीणबाई येणार. लेक म्हणतो, कुणाकडून तरी उसने आणतो, अजून कुणाला कळू देऊ नकोस. मी हो म्हटलं. मग सूनबाई आली, हातावर भट्टीचा नवा चटका. त्यावर बर्फ धरून बसली आणि म्हणाली, "आईला उजव्या डोळ्याने दिसायला लागलं ना, की पहिल्यांदा तिला समुद्र दाखवायला नेणार मी. ती रंगच विसरलीय." मी उठून आत गेले. भांडी घासलेलीच होती, परत घासली.

गुरुवार, २२ तारीख

सगळे गेले. दार लावलं. आता लिहिते.

आज आधी रंगारी आला, आईचा हात धरून. कानाला हिरवा रंग. मी गंमत केली नाही. सूनबाईने मुद्दाम सुट्टी घेतली होती, बेकरीतून नरम पाव आणला होता. लेक सकाळपासून घरात होता, पण यांची चाहूल लागली तसा न्हाणीघरात गेला आणि नळ सोडला. उसने कुणी दिले नव्हते.

चहा पुढ्यात आला. दवाखान्यातली तपासणी झाली होती, डॉक्टरांनी सोमवार दिला. रंगारी म्हणाला, "भाऊजी आले की डबा घेऊन जाऊ, आजच भरायला सांगितलंय." न्हाणीघरात नळ चालू. सगळे त्या दाराकडे बघत होते. किती वेळ आंघोळ करतं माणूस.

मी ठरवलं नव्हतं. पण विहीणबाईंनी पाव चहात बुडवायला हात पुढे केला, आणि कप दोन बोटं बाजूला होता. पाव टेबलावर टेकला. त्यांनी तो तसाच कोरडा तोंडात घातला, कुणाला कळू नये म्हणून.

मी म्हटलं, "विहीणबाई, डब्यात काही नाही."

रंगारी म्हणाला, "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. फुगा, ओळ, पिशवी, तांबडी. माळ आणून टेबलावर ठेवली, जसा काही पुरावाच. "पैसे त्याने लावले, पण लाव म्हणून मी म्हणाले. मला वाटलं मला कळतं."

रंगारी उठून उभा राहिला, खुर्ची पडली. "मावशी, तुम्ही? तुमच्या भरवशावर ठेवले होते!" न्हाणीघराच्या दाराकडे गेला आणि परत फिरला. दारावर मारायला उचललेली मूठ तशीच खाली आली.

सूनबाई रडली नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं?"

मी म्हटलं, "मी ओवत होते."

ती उठली, पंख्याचं बटण बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उकडत होतं, पण पुन्हा कुणी लावला नाही.

एवढ्यात विहीणबाईंनी हात पुढे केला. माळ त्यांच्या हाताला लागली. मांडीवर ओढून घेतली, आणि या टोकापासून बोटं फिरवायला लागल्या. हळूहळू, एकेक बटण. मला वाटलं आता फेकतील अंगावर. शेवटपर्यंत गेल्या, मग परत उलट्या आल्या.

"यातली तांबडी कोणती हो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून एका तांबड्यावर ठेवलं. "हे."

त्यांनी ते चिमटीत फिरवलं, शेजारचं फिरवलं, त्याच्या शेजारचं. म्हणाल्या, "मला सगळी सारखीच लागतात."

त्या काही टोचून बोलल्या नाहीत. खरंच सारखी लागत असतील. पण मी इतकी वर्षं बटणं हाताळली, डोळे मिटून एकदाही हाताळली नाहीत.

रंगारी म्हणाला, "चल आई. डॉक्टरला जाऊन सांगतो, नाही होत सोमवारी." विहीणबाई उठल्या. काठी शोधली, मी हातात दिली, त्यांनी घेतली. माझा हात झटकला नाही, धरलाही नाही. दाराशी आल्यावर खुंटीपुढे थांबल्या. रेनकोट तिथेच टांगलेला. मी सांगणार होते, विहीणबाई, तो रेनकोट आहे. पण त्यांचा चेहरा बघून नाही सांगितलं. आज त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून कळत नाही.

रेनकोटाला म्हणाल्या, "जावईबापू, डॉक्टरने सोमवार दिलाय. पैसे असोत नसोत, मी सोमवारी सकाळी येणार. त्या दिवशी घरात असा. दारात कोण उभं आहे ते मला अजून ओळखता येतं, घरात कोण नाही तेही."

आत नळ बंद झाला.

मी आता शर्ट घेऊन बसलेय. लेक समोर येऊन बसला, दोऱ्याला मेण लावून देतोय, फोन सूनबाईच्या उशीखाली आहे. सूनबाई भिंगरीला घेऊन आत झोपलीय, दार लोटून. पिशवीत हात घातला की पांढरं येतं, पांढरंच येणार, सगळी पांढरीच भरलीत मुकादमिणीने. तरी दर खेपेला हात जरा खोल जातो.

सोमवारी सकाळी येतो म्हणालेत.